सूर्यासमोर उभा दिवा

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं, तेव्हा सूरजपोल ते चांदपोल असा एक सरळ, ऐसपैस राजरस्ता आखून घेतला. हा रस्ता अगदी पूर्व-पश्चिम नाही. त्याचं पूर्वेचं टोक सुमारे 15 अंशांनी दक्षिणेकडे झुकलेलं आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या मध्याला उगवता सूर्य जवळजवळ रस्त्याच्या रोखानेच वर येतो. मावळतीचा सूर्य चांदपोलच्या रेषेत येतो तो एप्रिल आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात.

अशा रस्त्यावर सिग्नल लावायचा म्हणजे गाठ थेट सूर्याशी! समोरून ऊन आलं की दिवा झगमगाटात हरवतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पाठीमागून येणारं ऊन मात्र त्याहून फसवं. जुन्या सिग्नलमध्ये बल्बमागे चकचकीत आरसा असे. तिरपं ऊन रंगीत काचेतून आत शिरायचं, आरशावर आपटून तोच रंग घेऊन बाहेर पडायचं आणि लाल, पिवळा, हिरवा, तिन्ही एकदम पेटल्यासारखे दिसायचे. वीज एकाच दिव्यात, बाकीचे दोन सूर्याने लावलेले! एलईडी आले, आरशाची गरज संपली आणि हा भास पुष्कळ ओसरला.

मला थक्क करतं ते यावरचं उत्तर. दिवा कितीही प्रखर केला तरी सूर्याशी बरोबरी कशी होणार? म्हणून दिव्याभोवती काळोख बांधतात. वरचा व्हायझर म्हणजे लांबचं पाहताना आपण कपाळावर आडवा धरतो तो हात. मागे काळी, चमक नसलेली पाटी. 1876 पासून गुलाबी झालेल्या या शहराच्या भिंतींपुढे लाल दिवा ठसठशीत उठून दिसायला ती हवीच. याच शहरात जंतरमंतरचं 27 मीटर उंचीचं सम्राट यंत्र सावलीवरून वेळ सांगतं. ती सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. सावलीला कामाला लावणं जयपूरला नवं नाही.

रात्रीही पाटीची सुटका नाही. दिवाळीत इथले बाजार रंगीत रोषणाईने न्हाऊन निघतात. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे सरकते. तेवढ्यात हजार दिव्यांतून थांबायला सांगणारा एकच लाल दिवा नजरेला वेगळा काढून देते ती मागची काळी पाटी.