तलावाचं दुखणं वरच्या शेतात असतं



भोपाळचं बिट्टन मार्केट भाजीच्या मोठ्या हाटासाठी ओळखलं जातं. त्याच भागात ‘पर्यावरण परिसर’ आहे आणि तिथे मध्य प्रदेश शासनाची एप्को ही संस्था आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे विषय म्हणजे पाणथळ जागा, पर्यावरण आणि हवामान बदल.

कुणी म्हणेल, भोपाळचं आपल्याला काय? सांगतो. तिथल्या मोठ्या तलावाची गोष्ट आपल्या ठेक्याच्या तलावांना तंतोतंत लागू पडते.

हा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला असं मानतात. आजही शहराच्या मोठ्या भागाला त्याचं पाणी प्यायला मिळतं आणि मच्छीमार कुटुंबं त्यावर जगतात. २००२ मध्ये तो शेजारच्या छोट्या तलावासह रामसर यादीत गेला. भरला की पाण्याचा पसारा साधारण ३१ चौरस किलोमीटर, आणि ज्या जमिनीवरचं पाणी त्यात उतरतं ते पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर. म्हणजे एक एकर पाण्यामागे जवळपास बारा एकर जमीन! त्यातली बरीचशी शेती.

१९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जातून इथे मोठा प्रकल्प झाला. गाळ काढला, सांडपाणी वळवलं, काठावर झाडं लावली. पण अभ्यासकांनी बोट ठेवलं ते वरच्या शेतांवर. पावसात शेतातली माती आणि खत वाहून तलावात येतं. खताने शेवाळ माजतं, पाणवेली पसरतात. रात्री हीच वनस्पती पाण्यातला प्राणवायू ओढते आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. हे दृश्य आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलंय. गाळाने खोली कमी होते, उथळ पाणी उन्हात लवकर तापतं, लवकर आटतं.

त्यात पावसाचा भरवसा राहिला नाही. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं नवं पाणी लागतं. पाऊस लांबला की त्यांचा हंगाम चुकतो. २००९ च्या उन्हाळ्यात भोपाळचा तलाव इतका आटला, की गाळ उपसायला लोक श्रमदानाला उतरले.

तिथल्या अभ्यासातून एक मोलाचा प्रश्न पुढे आला. वरच्या शेतकऱ्याने रासायनिक खत कमी करायचं, तर त्याचा तोटा कुणी सोसायचा? पाणी वापरणाऱ्यांनी त्याला हातभार लावायला नको का? शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याच्याशी बोलावंच लागेल.

आता आपल्याकडे बघा. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधले. मासेमारी ढिवर बांधवांची. मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले, देखभाल सुटली. गाळ साचला, बेशरम माजली, गावठी मासळी कमी झाली. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या ‘फीड’ संस्थेने ढिवर बांधवांनाच विचारलं, कुठल्या वनस्पतीत कुठला मासा राहतो? मग बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. गावठी मासळी परत येऊ लागली. जे ज्ञान संशोधक शोधत होते, ते आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं.

खाडीवाल्या होडीमालकांनो, तुमचंही वेगळं नाही. डोंगरावरची माती सुटली की तीच खाडीच्या मुखाशी साचते आणि ओहोटीला होडी अडते.

मुद्दा एवढाच. ठेका आपण भरतो, मत्स्यबीज आपण सोडतो, पण पाणी किती सोडायचं, गाळ कुठून काढायचा, वर काय पिकवायचं, हे ठरतं तेव्हा आपण बैठकीत नसतो. तलाव आटला तर बोटुकली जाते, घातलेला पैसाही जातो.

म्हणून तीन कामं सुरू करूया. एक, दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या खांबावर पाण्याची पातळी बघून तारखेसह वहीत लिहायची. मासे धापा टाकताना दिसले तर तेही लिहायचं. दोन, जुन्या मंडळींकडून अंडी घालायच्या जागा विचारून कागदावर उतरवायच्या, म्हणजे गाळ काढताना यंत्र त्या जागांवर फिरणार नाही. तीन, ही वही घेऊन ग्रामसभेत जायचं आणि उन्हाळ्यात मासळीपुरतं पाणी राखायचा ठराव मागायचा. बायामाणसांनीही यायचं. बाजारात मासळी त्या विकतात, घट आधी त्यांनाच कळते.

नुसत्या तक्रारीला ‘बघू’ म्हणून वाटेला लावतात. वर्षभराची वही समोर ठेवली की उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या तलावाची पातळी आज कुठे आहे? खाली लिहा, मंडळी.