तंबोऱ्याची तार आणि बाईचा सूर

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज विषय थोडा निराळा आहे, पण तोही गटातूनच निघाला.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गाव लहान असो की मोठं, भजनी मंडळ असतंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकतच आपल्या आया-आजा मोठ्या झाल्या. बायांची मंडळंही पुष्कळ आहेत. पण पेटी बहुतेक ठिकाणी पुरुष मंडळाचीच असते आणि ती त्यांच्याच पट्टीत वाजते. आमच्याकडे ती काळी एकमध्ये वाजायची. त्या पट्टीत वरचा षड्ज गाठायचा तर आमच्या गळ्याच्या शिरा ताणायच्या, आणि खाली उतरलो की आवाजच निघायचा नाही. आमच्यातल्या एक आजी, चाळीस वर्षं भजन म्हणणाऱ्या, हळूहळू मागे बसू लागल्या आणि एक दिवस यायच्याच बंद झाल्या. विचारायला गेलो तर म्हणाल्या, "माय, आता माह्या गळ्यात काही रायलं नाही."

गळ्यात काही राहिलं नव्हतं असं आम्हाला वाटलं नाही. पट्टी चुकत होती.

तेव्हा ठरवलं की आपला स्वतःचा तंबोरा घ्यायचा. गटाच्या बचतीतून घ्यावा असं काही जणींचं म्हणणं पडलं. त्याला आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. ते पैसे बी-बियाणाचे, दवाखान्याचे, पोरांच्या फीचे. त्यामुळे वेगळी वर्गणी काढली आणि एका निवृत्त गुरुजींकडून जुना तंबोरा घेतला. भोपळा चांगला होता, दांडी सरळ होती. मिरजेचा असावा असं गुरुजी म्हणाले. मिरजेत सतार-तंबोरे बनवायचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी ते सुरू केलं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून.

पण हा तंबोरा पुरुषाच्या आवाजाचा होता. आम्ही म्हटलं, खुंट्या पिळल्या की झालं. काळी चारपर्यंत चढवायला घेतला आणि दोन तारा तटातट तुटल्या. शहरातल्या एका दुकानात गेलो तर त्यानं सांगितलं, "जाड घ्या, तुटणार नाही." आम्ही जाड पितळी तार आणली. ती तर सुरापर्यंत पोहोचायच्या आधीच तुटली आणि एका मावशीच्या हाताला लागली.

मग आमच्यातल्या एका बाईच्या अकरावीत शिकणाऱ्या मुलीनं शाळेच्या प्रयोगशाळेतून तार मोजायचा स्क्रू गेज आणला आणि आम्ही सगळ्याजणी हिशोबाला बसलो. हा हिशोब नीट ऐका, कारण एकतारी असो, तुणतुणं असो की वीणा, सगळ्यांना तोच लागू पडतो.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तार किती लांब, किती ताणलेली आणि किती जड. लांब तार खालच्या सुरात बोलते, ताणली की वर चढते, जड असली की खाली राहते. तंबोऱ्याची लांबी आपल्या हातात नाही. राहिला ताण आणि जडपणा. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, म्हणजे आंदोलनं दीडपट व्हायला हवीत. तीच तार पिळून तिथवर न्यायची तर ताण दीडपट करून भागत नाही, सव्वादोनपट करावा लागतो. चारही तारांवर एवढा ताण आला की खुंट्या सरकतात, घोडी दाबली जाते आणि दांडीवरही ओढ येते. ताण पहिल्याइतकाच ठेवायचा असेल तर तारेची जाडी दोन तृतीयांश हवी. आमची जुनी जोडीची तार ०.३६ मिलिमीटर भरली, म्हणून ०.२४ च्या आसपासची शोधली.

आता दुकानदाराची चूक बघा. जाड तारेला त्याच सुरावर न्यायला ताणही जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात जास्त लागतो. म्हणून तार कोणत्या सुरावर तुटेल हे जाडीवर ठरत नाही. ते धातूवर आणि लांबीवर ठरतं. पोलाद पितळेपेक्षा किती तरी जास्त ताण सोसतं. पितळ थोडं जड आणि त्यात नरम, त्यामुळे वरच्या सुरात ते टिकत नाही. तार वारंवार तुटत असेल तर जाड आणू नका. धातू बदला, नाहीतर पट्टी उतरवा. (गंज चढलेली किंवा खुंटीपाशी मुडपलेली तार मात्र कुठेही तुटते, तिला हिशोब नाही.)

मग सगळ्याच तारा पोलादी का नाही घ्यायच्या? कारण आवाज. पोलाद लखलखीत, टोकदार बोलतं. पितळेचा आवाज गोल, मऊ, भांड्यात घुमल्यासारखा. खर्जाच्या तारेला तोच शोभतो, आणि खालच्या सुरात ताण कमी असल्यानं पितळ तिथे टिकतंही. म्हणून आम्ही जोडीच्या दोन्ही तारा आणि पंचमाची तार पोलादी ठेवली, पंचमाची जरा जाड. खर्ज पितळी.

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारी पोरंही हाच विचार करतात. त्यांना फार खालचे सूर लागतात. नुसती जाड सळई लावली तर ती ताठ होऊन नीट कंप पावत नाही. म्हणून मधे पोलादी गाभा आणि त्यावर धातूची गुंडाळी. गुंडाळी गोल तारेची असेल तर आवाज चमकदार येतो आणि बोट घासल्याचाही ऐकू येतो. चपट्या पट्टीची असेल तर आवाज दबका, गुळगुळीत.

दुकानात एक घोळ होतो तोही सांगतो. पोलादी तारेचा नंबर वाढला की तार जाड होते: एक नंबर साधारण पाव मिलिमीटर, तीन नंबर ०.३० च्या पुढे. पितळी तारेचं उलट. २६ नंबर ०.४६ मिलिमीटर, २८ नंबर त्याहून बारीक. नुसता नंबर सांगून निघू नका, धातू आणि मिलिमीटर दोन्ही चिठ्ठीवर लिहून न्या. तारा काही फार महाग नाहीत, जाण्यायेण्यातच दिवस आणि एसटीचं भाडं जातं.

नवी तार चढवली की पहिले काही दिवस ती उतरत राहते, घाबरू नका. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा असतो तो पुन्हा सरकवून जागेवर आणावा लागतो. अगदी थोडा थोडा सरकवा. एका जागी तार एकदम भरून बोलायला लागते, तीच जवारी. जाडी बदलली की ती जागाही बदलते. बारीक फरक मण्यांनी जुळवा, खुंटीला हात लावू नका. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसा. शेतातून आलेल्या हातांचा घाम आणि पावसाळ्याची हवा, दोन्ही पोलादाला खातात. तेल लावू नका, तार मुकी होते.

आणि पट्टी आपल्या गळ्यावरून ठरवा. सगळ्या बायांचा आवाज बारीकच असतो असं नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरच्या उपचारानंतर भारदस्त झाला, आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या.

आमचा तंबोरा आता काळी चारमध्ये लागतो. आजी पुन्हा यायला लागल्यात, पुढे बसतात. आल्या आल्या त्यांनी अर्धा सूर अजून उतरवा म्हणून सांगितलं, म्हणजे पांढरी पाच. त्याला तारा बदलायची गरज नाही, पण तरण्या पोरी तयार नाहीत. सध्या गुरुवारी काळी चार आणि एकादशीला पांढरी पाच, असं चाललंय.