डबा पोहोचतो, बोलणं पोहोचतं का?

गावाकडून एसटीने येणारा जेवणाचा डबा सोलापुरात शिकलेल्या अनेकांच्या आठवणीत आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, एखादी सुकी भाजी. आई पहाटे उठून डबा भरते, वडील तो गाडीत ठेवतात आणि इकडे मुलगा स्थानकावर जाऊन उतरवून घेतो. २००४ मध्ये स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यामुळे सांगोला, करमाळा, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून आलेल्या मुलांचे घर तसे काही तासांच्याच अंतरावर असते. तरीही पहिल्या सत्रात दोन विषय राहिल्याची बातमी त्या घरी अनेक महिने पोहोचत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘घरचे एवढे करतात, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?’

अशी मुले रुग्णालयात येतात तेव्हा मनाची तक्रार सांगत नाहीत. डोके दुखते, पित्त होते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, असे सांगतात. तपासण्या केल्या तर बहुतेक वेळा सर्व अहवाल व्यवस्थित येतात. पण मुले सोंग करत नसतात, त्रास खराच असतो.

ताण आला की मेंदूच्या आदेशावरून मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. थोड्या वेळासाठी ते उपयोगी असते. ते सतत वाढलेले राहिले, तर झोप बिघडते आणि पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही. ‘पेपर हातात आला आणि सगळे पुसले गेले’ या अनुभवामागे हेही एक कारण असते.

इथे माणसाची सोबत औषधासारखी काम करते. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये ३७ निरोगी पुरुषांना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी हिशेब करायला लावले. तयारीच्या वेळी ज्यांचा जिवलग मित्र जवळ होता, त्यांचे कॉर्टिसॉल कमी वाढले. मित्राने त्यांच्या वतीने भाषण केले नव्हते. तो फक्त सोबत होता.

मात्र आधार किती दिला, यापेक्षा तो मुलाला किती जाणवला, हे अधिक महत्त्वाचे ठरते. हे मोजण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये बारा विधानांची एक प्रश्नावली तयार झाली आणि ती आधी २७५ पदवीच्या विद्यार्थ्यांवरच तपासली गेली. आज ती जगभर वापरतात. घरच्यांनी फी भरली का, असे ती विचारत नाही. आपल्या अडचणी घरी बोलता येतात का, काही बिनसले तर मित्रांवर भिस्त ठेवता येते का, असे विचारते. फी आणि डबा वेळेवर मिळूनही या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असू शकते.

आधाराचे ओझे कसे होते, तेही अभ्यासातून दिसले आहे. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तपासल्या. ते निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदाराने न बोलता, समोरच्याला जाणवूही न देता केलेली मदत अधिक गुणकारी ठरली. ‘मी तुझ्यासाठी हे करतोय’ असे ठळकपणे कळले, तेव्हा अस्वस्थता उलट वाढलेली दिसली. विड्या वळून मुलीला शिकवणाऱ्या आईचे कष्ट मुलीला दिसतच असतात. ते रोज ऐकवले, तर तिच्या मनात कृतज्ञतेबरोबर अपराधीपणाही साठतो. मग नापास होणे म्हणजे आईला फसवणे, असे तिला वाटू लागते.

मित्रांचा आधार वेगळ्या प्रकारचा असतो. तोच अभ्यास आणि तीच भीती त्यांच्याही वाट्याला आलेली असते, म्हणून बदल आधी खोलीतल्या जोडीदाराच्या लक्षात येतो. जेवण सुटणे, रात्रभर जागणे, वर्गाला जाणे बंद होणे, आवडती वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे, ही लक्षणे थट्टेवारी नेऊ नयेत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तसे उत्तर आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन पाळत बसू नये.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. यामागे एकच कारण कधीच नसते. पण वेळीच कोणी तरी ऐकून घेणे, हे थांबवता येण्याजोग्या गोष्टींपैकी एक नक्कीच आहे.

आधार म्हणजे उपचार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. उदासी, झोपेचा बिघाड किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत मिळते.

पालकांना फार काही शिकावे लागत नाही. फोनवर ‘जेवलास का?’ आणि ‘अभ्यास कसा चाललाय?’ हे दोन प्रश्न ठरलेले असतात. त्यांच्या जोडीला ‘आज दिवस कसा गेला?’ हा तिसरा विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. आपला एखादा जुना नापास झालेला पेपरही कधी मुलांना सांगावा. विषय राहिला तर पुन्हा देता येतो, हे मुलाला घरच्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. तेही निकाल लागण्याच्या आधी.