गिटार : काय पाहावे, कसे पाहावे

आपल्या शाळेच्या संगीतकक्षात पूर्वी हार्मोनियम, ढोलकी, टाळ आणि खंजिरी एवढीच वाद्ये असत. अलीकडे माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेल्या काही गिटारी तेथे येऊन बसल्या आहेत. ‘बसल्या’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. वाद्य आले, परंतु ते शिकवणारा आला नाही. भवानीनगरच्या वसतिगृहातील मुलाने शिकवणीसाठी रोज बारामतीस जावे, हे वेळेच्या, पैशाच्या आणि परवानगीच्या दृष्टीने शक्य नसते. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि गिटारचा उत्तम शिक्षक निदान पडद्यावर तरी आपल्या दारी आला. मात्र पडद्यावरील शिक्षकाकडून शिकणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती अवगत नसल्यामुळे पहिल्याच महिन्यात गिटार खाली ठेवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे.

गिटारविषयीच्या चित्रफिती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात मैफल असते, दुसऱ्यात धडा असतो. आमच्या अनुभवाप्रमाणे मुले मैफली फार पाहतात आणि धडे अर्धवट सोडतात. मोठी माणसे मात्र केवळ धडेच दाखवावेत, असा आग्रह धरतात. वास्तविक दोहोंचे काम निराळे आहे. बोटे का दुखवून घ्यायची याचे उत्तर मैफल देते, बोटे कोठे ठेवायची याचे उत्तर धडा देतो. पहिले उत्तर मिळाले नसेल तर दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून आम्ही मैफलींपासून आरंभ करतो.

गिटार हे श्रीमंतांच्या, शहरातल्या मुलांचे वाद्य आहे, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ती घालवण्यास सिस्टर रोझेटा थार्प यांची एक चित्रफीत पुरेशी आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात १९१५ साली त्यांचा जन्म झाला. ७ मे १९६४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे, वापरातून गेलेल्या एका रेल्वे स्थानकावर, ग्रॅनडा टेलिव्हिजनने ‘ब्लूज अँड गॉस्पेल ट्रेन’ हा कार्यक्रम चित्रित केला. श्रोते एका फलाटावर, कलावंत समोरच्या फलाटावर. पाऊस पडून गेलेला. थार्पबाई घोडागाडीतून उतरतात, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवतात आणि ठरलेले गीत बाजूला ठेवून पावसाचेच गीत सुरू करतात. चित्रफीत जुनी, कृष्णधवल आहे. पण पन्नाशीकडे झुकलेली ही बाई ज्या सहजतेने तारा छेडते ती पाहिली की रॉक संगीताची मुळे कोठे आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले ते मात्र २०१८ साली, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

दुसरे नाव एलिझाबेथ कॉटन यांचे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील या मुलीने लहानपणी लोकांच्या घरची कामे करून साठवलेल्या पैशांतून स्वतःची गिटार घेतली. ती डावखुरी होती. शिकवणारे कोणी नव्हते. तिने तारा न बदलता गिटार उलटी धरली आणि इतरांच्या अंगठ्याचे काम बोटांना, बोटांचे काम अंगठ्याला दिले. पुढे अनेक वर्षे गिटार सुटली. उतारवयात सीगर या संगीतज्ञ कुटुंबात घरकाम करीत असताना त्यांची कला पुन्हा प्रकाशात आली. पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या, आणि १९८५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला तेव्हा नव्वदीच्याही पुढे. पीट सीगर यांच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेतील त्यांचे वादन उपलब्ध आहे. आमच्याकडील डावखुऱ्या मुलांना आम्ही ते सर्वांत आधी दाखवतो. (डावखुऱ्यांसाठी तारा उलट्या क्रमाने लावण्याची सोय असते; कॉटनबाईंचे अनुकरण केलेच पाहिजे असे नाही.)

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर चेन्नईच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचे घ्यावे. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ साली तो उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याची पहिली जाहीर मैफल झाली. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील ‘गाना’ हा गीतप्रकार, पराई हे चर्मवाद्य आणि त्यांच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार, असा तो मेळ आहे. नावामागे पंडित अयोथी दास यांची ‘जातिविहीन तमिळ’ ही कल्पना आहे. १८९८ साली श्रीलंकेत बौद्ध धम्म स्वीकारणारे हेच ते अयोथी दास. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजांवर वाढलेल्या आपल्या घरांना ही मैफल भाषा न कळताही कळते.

ज्यांना शास्त्रीय संगीताची ओढ आहे त्यांनी पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा पाहावी. गिटारलाच जादा तारा चढवून, ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवर धातूची कांडी सरकवत ते राग वाजवतात. राय कूडर यांच्यासह केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. जॉन मॅकलॉफ्लिन आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’च्या मैफलीही अशाच पाहण्याजोग्या आहेत. तेथे गिटार आणि तबला यांचा जो सवाल-जवाब रंगतो तो आपल्या फडातल्या सवाल-जवाबाइतकाच चुरशीचा असतो.

आता धड्यांकडे वळू. पहिली अडचण गिटार सुरात लावण्याची. वीणेची तार फार ताणली तरी वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही, हा भगवंतांनी सोण भिक्खूंना दिलेला दृष्टांत आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. पण नेमकी किती ताणावी? चित्रफितींमध्ये इंग्रजी अक्षरे सांगतात, ‘ई, ए, डी, जी, बी, ई’, आणि मुले गोंधळतात. ही अक्षरे म्हणजे हार्मोनियमच्या साध्या पट्ट्या आहेत. जाड तारेपासून बारीक तारेकडे येताना त्या अशा : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. सहाही तारा पांढऱ्या पट्ट्यांवर! म्हणजे ज्या शाळेत हार्मोनियम आहे त्या शाळेत गिटार लावण्याचे साधन आधीच आहे. सर्वांत बारीक तार मधल्या सप्तकातील पांढऱ्या तीनशी जुळवावी; तेथून जाड तारांकडे स्वर उतरत जातो आणि सहावी तार पहिलीच्या दोन सप्तके खाली असते. एवढे ध्यानात ठेवले नाही तर तार एक सप्तक वर चढवण्याच्या भरात तुटते.

कॉर्डचेही तसेच. ‘जी, सी, डी’ या तीन कॉर्ड बहुतेक सर्व धड्यांत प्रथम येतात. पांढरी पाच हा षड्ज मानला तर ‘जी’ म्हणजे सा-ग-प, ‘सी’ म्हणजे म-ध-सा आणि ‘डी’ म्हणजे प-नी-रे. तिघींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात. म्हणूनच कित्येक साध्या चाली या तीन कॉर्डवर निभावतात. चालीत कोमल गंधार आला की मायनर कॉर्ड शोधावी लागते. मुलगी काळी चारमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून याच तीन कॉर्ड धराव्यात. काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलासाठी चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि ‘ए, डी, ई’ या कॉर्ड सोयीच्या पडतात.

तालाच्या बाबतीत तर आपली मुले धडा सुरू होण्यापूर्वीच निम्मे अंतर चाललेली असतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. चित्रफितीतील शिक्षक ‘वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड’ असे मोजतो. मोजून पाहा, आठ मात्रा होतात. हा आपला केरवा आहे : धा गे न ति न क धि न. नवशिक्यांना हमखास शिकवली जाणारी स्ट्रमिंगची पद्धत घ्या : खाली, खाली-वर, वर-खाली-वर. केरव्यात मांडल्यास हात पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली येताना तारांना लागतो. चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर वर जाताना लागतो. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर तो हवेतून फिरतो, तारांना शिवत नाही. आणि पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची खाली, कालही रिकामा आणि हातही रिकामा. हा योगायोग आम्हांस फार आवडतो. ढोलकी वाजवणाऱ्या मुलास एवढे सांगितले की स्ट्रमिंग बसण्यास वेळ लागत नाही.

कोणाचे धडे पाहावेत, असा प्रश्न पालक विचारतात. एकच नाव सांगायचे तर आम्ही जस्टिन सँडरको यांचे सांगतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया प्रांतात वाढलेल्या या शिक्षकाने २००३ पासून विनामूल्य धडे देण्याचे काम चालवले आहे. धडे इंग्रजीत आहेत, पण बोलणे सावकाश व स्पष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे ते क्रमवार आहेत. मराठी व हिंदीतही धडे भरपूर आहेत. त्यांतून निवड करताना शिक्षकाची बोटे जवळून दिसतात काय आणि तो एका धड्यात एकच गोष्ट शिकवतो काय, एवढे पाहावे. एका वेळी एकच शिक्षक धरावा. रोज नवा शिक्षक शोधणाऱ्या मुलाचे पाहणे वाढते, वाजवणे वाढत नाही.

पाहण्याची रीत आम्ही अशी ठेवली आहे. धडा प्रथम गिटार हाती न घेता संपूर्ण पाहायचा. नंतर दोन-तीन मिनिटांचाच तुकडा घेऊन, वेग निम्मा करून, वाद्यासह पाहायचा. त्यानंतर पडदा बंद. पडदा बंद झाल्यावर जे हाताला आठवते तेवढेच आपले. दहा मिनिटे पाहणे आणि तीस मिनिटे वाजवणे, हे प्रमाण आम्ही सोडत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या हाती मोबाइल देण्याची गरजही उरत नाही. सभागृहातील एका पडद्यावर रविवारी सकाळी आठ-दहा मुले एकत्र पाहतात.

पडद्याची एक उणीव कशानेही भरून निघत नाही. आपण शिक्षकाला पाहतो, शिक्षक आपल्याला पाहत नाही. मनगट आत मुडपलेले आहे, अंगठा मानेवरून वर आला आहे, बोट फ्रेटच्या जवळ नसून मधोमध पडल्यामुळे तार खरखरते आहे, हे तो सांगू शकत नाही. म्हणून आम्ही मुलांच्या जोड्या लावतो. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने धड्यातील हात आणि समोरचा हात ताडून पाहायचा. बोटांची टोके दुखणे स्वाभाविक आहे. तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगट किंवा कोपर दुखणे मात्र स्वाभाविक नाही, तेथे थांबलेच पाहिजे. पालकांनी पहिल्या महिन्यात मुलाकडे ‘वाजवून दाखव’ असा हट्ट धरू नये, ही आमची विनंती आहे. त्या महिन्यात दाखवण्यासारखे काही नसते आणि नेमके तेव्हाच मूल खचते.

वाद्याच्या निगेविषयी थोडे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. लाकूड आकसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटाला लागतात. पत्र्याखालच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात गिटार ठेवू नये. पिशवीत घालून आतल्या भिंतीशी उभी करावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, घामाने त्या लवकर गंजतात. सुटीवर जाताना खुंट्या थोड्या सैल कराव्यात. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी गिटार पडून असेल त्यांनी ती शाळेकडे अवश्य द्यावी. सोबत पिशवी, एक कॅपो आणि तारांचा जादा संच असावा, त्यातही पहिली तार दोन-तीन अधिक. सर्वांत आधी तीच तुटते.