६५ चा वर्ग: ट्रिकच्या पोटात काय आहे?

बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना या भागातले आकडे हुकतात, म्हणून इथे लिहूनच देतोय.

पाचने संपणाऱ्या संख्येचा वर्ग काढायची ट्रिक रील्सवर पाहिली असेलच. ६५ घ्या. सहाला पुढच्या अंकाने, म्हणजे सातने गुणा: ४२. त्याच्यापुढे २५ लिहा. ४२२५, झालं! भरतीची तयारी करणाऱ्यांना हे पाठच असतं. लोक याला वैदिक गणित म्हणतात. भारती कृष्ण तीर्थांचं त्या नावाचं पुस्तक मात्र १९६५ सालचं आहे. नाव काही का असेना, हे चालतं का ते बघू.

दशकाचा अंक क्ष धरा. मग आपली संख्या १०क्ष + ५. शाळेतलं वर्गाचं सूत्र लावा: पहिल्या पदाचा वर्ग १००क्ष², दोन्ही पदांच्या गुणाकाराची दुप्पट १००क्ष, शेवटी २५. पहिल्या दोघांतून १००क्ष बाहेर काढा:

१००क्ष(क्ष + १) + २५

सहा गुणिले सात आलं ते इथून. आणि ४२ ला शंभरने गुणलंय, म्हणून पुढे बरोबर दोन घरं रिकामी राहतात. ही दोन घरं विसरू नका.

कारण हीच युक्ती ६३ × ६७ लाही चालते. दशक सारखं, एककांची बेरीज दहा. मधलं पद ६० × (३ + ७), म्हणजे पुन्हा ६००. तेव्हा ४२, मग सात त्रिक एकवीस: ४२२१.

आता ६१ × ६९. एक गुणिले नऊ, नऊ. घाईत ४२९ वर टिक केलीत तर मार्क गेला! दोन घरं भरायचीत, म्हणून ०९: ४२०९. तसंही नुसते साठ गुणिले साठच ३६०० होतात, ४२९ येईल कुठून?

आणि ६४ × ६७? चार नि सात अकरा. बेरीज दहापेक्षा एकने जास्त, म्हणून एक साठ जादा द्यायचा: ४२२८ + ६० = ४२८८. रीलवाले हे सांगत नाहीत, तीस सेकंदांत मावत नसेल बहुतेक.

आता कॅल्क्युलेटर न उघडता ११२ × ११८ करा. इथे क्ष अकरा आहे. १३२१६ येतंय का बघा.