पाचवा खासदार

टोकियो : जपानमध्ये नवे राजकीय पक्ष बरेचदा डिसेंबरात निघतात. कारण पैशाचं आहे. पक्षांना सरकारी तिजोरीतून अनुदान मिळतं. माणशी २५० येन या दराने ते वर्षाला तीन हजार कोटी येनांच्या वर जातं आणि त्याची वाटणी १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. पाच खासदार असले की पक्षाला मान्यता मिळते. तेवढे नसले तर निदान एक खासदार आणि राष्ट्रीय निवडणुकीत दोन टक्के मतं लागतात. थेट मतदारसंघातून आलेल्यांना आपल्यासारखी पक्षांतरबंदीची धास्ती नाही. त्यामुळे नागाताचोत, म्हणजे संसदेच्या परिसरात, वर्षअखेरीला पाचवा माणूस गाठायची धावपळ चालते.

ताकेओ हिरानुमांनी मात्र डिसेंबरची वाट पाहिली नाही. पोस्टाच्या खासगीकरणाला विरोध करून ते २००५ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाबाहेर पडले होते. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी पाच जण जमवून ‘ताचिआगारे निप्पोन’, म्हणजे ‘ऊठ जपान’, हा पक्ष काढला. संस्थापक सारे सत्तरीच्या आसपासचे. नाव सुचवलं टोकियोचे गव्हर्नर आणि कादंबरीकार शिंतारो इशिहारा यांनी. मागण्या जुन्याच: अमेरिकी अमलाखाली लिहिलेली राज्यघटना बदला, सैन्य उघडपणे उभारा, इतिहासाबद्दल माफी मागणं थांबवा. त्या उन्हाळ्यात वरिष्ठ सभागृहाची एक जागा पदरात पडली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये गव्हर्नरपद सोडून आलेल्या इशिहारांसह हा गट ‘सूर्याचा पक्ष’ झाला आणि चारच दिवसांत ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांच्या पक्षात विलीन झाला. पुढच्याच महिन्यात या जोडीने कनिष्ठ सभागृहात ५४ जागा जिंकल्या. दोघांचं फार काळ जमणार नव्हतंच. ऑगस्ट २०१४ मध्ये इशिहारांचा गट वेगळा झाला आणि त्याने ‘पुढच्या पिढीचा पक्ष’ असं नाव घेतलं. इशिहारा तेव्हा ८१ वर्षांचे होते.

डिसेंबर २०१४ च्या निवडणुकीत या पक्षाने ४८ उमेदवार उभे केले. प्रचारासाठी इंटरनेटवर एक व्यंगचित्रपट सोडला. त्यात बोलायला बंदी असलेल्या विषयांचं प्रतीक म्हणून एक डुक्कर होतं. परदेशी नागरिकांना मिळणारी सरकारी मदत, युद्धकाळात जपानी लष्करासाठी राबवलेल्या स्त्रियांचा प्रश्न, असे ते विषय. डुकराला गाणंही होतं. लोकांनी ते मिटक्या मारत पाहिलं, मतं काही दिली नाहीत. कनिष्ठ सभागृहात वीसेक खासदारांचा पक्ष दोनांवर आला. निवडून आले ते हिरानुमा आणि हिरोयुकी सोनोदा, दोघंही आपापल्या जुन्या मतदारसंघांच्या जोरावर. टोकियोच्या यादीत तळाशी नाव असलेले इशिहारा पडले आणि राजकारणातून निवृत्त झाले.

पराभवाचं खापर डुकरावर फोडणं सोपं आहे. खरी अडचण पंतप्रधान शिंजो आबे ही होती. आबेंनी आदल्या वर्षीच्या डिसेंबरात यासुकुनी या युद्धात मेलेल्यांच्या मंदिराला भेट दिली होती आणि जुलै २०१४ मध्ये मित्रदेशाच्या रक्षणासाठी सैन्य वापरण्याची मुभा मंत्रिमंडळाकडून मिळवली होती. जे पंतप्रधानच करतो आहे, त्याची मागणी करणाऱ्याला मत का द्यावं? हिरानुमांनाही बहुधा हे उमगलं असावं. २०१५ मध्ये ते आणि सोनोदा स्वगृही परतले.

वरिष्ठ सभागृहात उरलेल्यांनी क्योको नाकायामांच्या नेतृत्वाखाली ‘जपानचं मन जपणारा पक्ष’ अशी पाटी लावली. पुढे ती आखडून नुसतं ‘जपानचं मन’ झालं. २०१७ मध्ये नाकायामाबाईही दुसरीकडे गेल्या. त्या निवडणुकीत पक्षाला ०.१५ टक्के मतं मिळाली आणि मान्यता गेली. उरलेला एकमेव खासदार आधीपासूनच सभागृहात सत्ताधाऱ्यांच्या गटात बसत होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये पक्षच त्यांच्यात विसर्जित झाला.

आबे गेल्यावर उजवीकडची जागा पुन्हा मोकळी पडली. जुलै २०२५ मध्ये ‘जपानी माणूस आधी’ म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने वरिष्ठ सभागृहाच्या १४ जागा जिंकल्या. याचे नेते सत्तरीचे नाहीत आणि सत्ताधारी पक्षातून रुसून आलेल्यांची ही टोळीही नाही. तीन महिन्यांतच सत्ताधाऱ्यांनी आबेंच्या तालमीतल्या सानाए ताकाइचींना पंतप्रधान केलं. त्यांची घटनेबद्दलची नि यासुकुनीबद्दलची मतं हिरानुमांच्या कुठल्याही सभेत टाळ्या घेऊन गेली असती.