थंबी आणि गणपत

कोरमंगलाहून हलसूर तलावाकडे गेलात की लष्कराची हद्द लागते. तिथे मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. हे दल 1780 सालचं. सॅपर म्हणजे लष्कराचा इंजिनिअर: पूल बांधणारा, सुरुंग काढणारा. तिथल्या जवानाला फौजेत 'थंबी' म्हणतात. तमिळमध्ये थंबी म्हणजे धाकटा भाऊ.

आपल्या खडकीला बॉम्बे सॅपर्स. दोन्हीकडचे भेटले की चिडवाचिडवी आलीच. थंबी सांगणार, काटेरी तारा उडवणारा 'बंगलोर टॉर्पेडो' आमच्या कॅप्टन मॅक्लिंटॉकचा, 1912 सालचा. खडकीवाला म्हणणार, आमचे रामा राघोबा राणे बघा. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे हटवून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, परमवीर चक्र मिळवलं. यावर थंबीकडेही एक पत्ता असतो: राणे कारवारचे, म्हणजे आजच्या हिशेबाने कर्नाटकचेच की!

इंग्रजांच्या काळात मराठा शिपायाला सरसकट 'गणपत' म्हणत. प्रेमाने म्हणत असतीलही, पण त्यात खरं नाव विचारायची गरज उरत नसे. मला ते खटकतं. थंबीचं तसं नाही. तिथला मोठा अधिकारीसुद्धा स्वतःला अभिमानाने थंबी म्हणवतो, आणि खडकीवाल्याने चिडवलं तरी ते घरातलं असतं. पण याच शहरात हॉटेलातल्या पोऱ्यालाही आपण 'थंबी' म्हणून हाक मारतो. तेव्हा हलसूरच्या फाटकावर उभ्या असलेल्या जवानाशी बोलताना हा शब्द आपण वापरू नये. 'साहेब' म्हणा.